थरथऱ्या

सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बाई, येताना जीपमध्ये कुठल्या बाजूला बसलात? दरीच्या की डोंगराच्या?"

मी बदली होऊन त्या शाळेत रुजू व्हायला आले होते. कडेवर तीन वर्षांचा सोहम, खांद्याला डब्याची पिशवी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागायचं, मध्येच डावीकडे कच्चा रस्ता फुटतो, तो धरून वाडीपर्यंत वर जायचं. वाडीत दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंत वर्ग, आणि शिक्षक दोघंच. ते मुख्याध्यापक आणि मी.

"लक्ष नव्हतं, सर," मी म्हटलं.

"लक्ष ठेवा. डोंगराच्या बाजूला बसायचं. दरीच्या बाजूचा माणूस आधी जातो."

मी महाडची. घाट, दरड, पूर हे सगळं बघत मोठी झालेली. सहज म्हणून गेले, "पण सर, दरड कोसळली तर ती डोंगराच्या बाजूनेच येते की."

त्या दिवशी ते माझ्याशी पुढे एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पाऊल ठेवते तोच म्हणाले, "बाई, मी रात्रभर विचार केला. तुम्ही मधे बसत जा."

माणूस उंच होता, खांद्यात वाकलेला. आवाज इतका मऊ, की मागच्या ओळीतली मुलं पुढे सरकून बसत. पन्नाशी जवळ आली होती. बायको-मुलं घाटावर, गावी. ते स्वतः वाडीतच एक खोली घेऊन राहात, कारण रोज घाट चढ-उतार करायची त्यांची छाती नव्हती. पगाराला, मीटिंगला पोलादपूरला जायचं तर पायवाटेने चालत उतरत आणि चालतच वर येत. जीपवाला गणपत हॉर्न वाजवून, हात जोडून थकला. "सर, फुकट नेतो, बसा तरी!" सर हात हलवत आणि रस्त्याच्या कडेला, झाडाला धरून उभे राहात, जीप वळणाआड गेली की मग चालू लागत. दिवाळीला गावी जायला एसटीशिवाय इलाज नव्हता. तेव्हा सबंध घाटभर तोंडावर टॉवेल टाकून बसत. कंडक्टर घाट संपला की त्यांच्या खांद्याला हात लावून सांगायचा, "मास्तर, उघडा."

सकाळी शाळा उघडण्याआधी ते दारावर काठी आपटत. आत विंचू असेल, साप असेल, त्याला निघून जायला वेळ मिळावा म्हणून. मग सतरंज्या झटकायच्या. मग तुळईखाली उभं राहून काठीने ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. पावसाळ्यात तर ते वर्गात कमी आणि दारात जास्त असत. वरच्या डोंगराकडे बघत उभे. पाण्याचा ओढा गढूळ झाला की मुलांना रांगेत घेऊन पलीकडच्या देवळात जाऊन बसत आणि पाढे तिथेच चालत. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या भागात डोंगर गावांवर उतरले होते. सर त्या वेळी मदतीचे तांदूळ घेऊन एका गावात गेले होते. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून ते असे झाले, असं काही जण म्हणत. शाळेशेजारी राहणारी सोनाबाय मात्र म्हणायची, "नाय गो बाई, ते पयल्यापासनं असंच हायत."

त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असे. कुठलीही नवी गोष्ट करायची झाली, मग ती झाडाला आळं करायची असो की भिंतीवर नकाशा टांगायचा असो, ते आधी मुलांना विचारत, "काय होऊ शकतं?" आणि मुलं ओरडून ओरडून संकटं सांगत. "खिळा पडंल!" "पायात जाईल!" "नकाशाच्या मागं पाल बसंल!" "पाल डोक्यावर पडंल!" सर प्रत्येक संकट गंभीरपणे ऐकून घेत, मान हलवत, आणि त्यावर काय करायचं ते ठरवल्याशिवाय खिळा ठोकत नसत. एका नकाशाला सबंध सकाळ जाई. मला हसू यायचं. चीडही यायची. पण चारही वर्गांत कुणाचं बोट चेचलंय, कुणाचा गुडघा फुटलाय असं मी त्या शाळेत जवळपास पाहिलं नाही.

अशा माणसाला यंत्राचं वेड असेल असं कुणाला वाटेल? पण होतं. सरांना यंत्राची भीती वाटायची, आणि ज्याची भीती वाटे त्याच्यापासून त्यांना दूरही राहवत नसे.

वाडीतली घरटी एक-दोन माणसं मुंबईला. गणपतीला ती येत तेव्हा पोरांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी, बंदुका, नाचणाऱ्या बाहुल्या आणत. विसर्जन होऊन माणसं परत गेली की आठवडाभरात ती खेळणी मोडत आणि उकिरड्यावर जात. सर ती उचलून आणत. खिडकीत ठेवून लांबून, पट्टीने स्क्रू उघडत. आतली मोटर निघाली की चिमट्यात धरून मुलांना दाखवत, "ही बघा. हिला वीज दिली की ही गरगर फिरते. काय होऊ शकतं?"

"केस अडकतील!"

"बरोबर. मुलींनी वेण्या मागे टाका."

कुठल्याशा शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी एक गंमत पाहिली आणि ती करून बघायचा ध्यास घेतला. जुन्या टूथब्रशचा केसांचा भाग तेवढा कापायचा. त्याच्या पाठीवर मोबाईलमधली बारकी मोटर चिकटवायची, मोबाईलला थरथरायला लावते ती. शेजारी रुपयाएवढा चपटा सेल. दोन तारा जोडल्या की ब्रश किड्यासारखा थरथरत टेबलावरून पळत सुटतो. मुंबईत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा वाडीतला एक पोरगा सुट्टीला आला होता. सरांनी त्याच्याकडून भंगारातल्या मोटरी आणि मूठभर सेल मागवले.

पहिला ब्रश पळाला तो दिवस मला लख्ख आठवतो. सबंध शाळा टेबलाभोवती. सर तारा जोडताना डोळे मिटून घेत होते. ब्रश एकदम गुरगुरला आणि तिरका पळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. सर दचकून भिंतीला जाऊन टेकले. मुलं किंचाळली, मग हसली, मग सगळीच्या सगळी एकदम बोलायला लागली.

"सर, पण चालतं कसं ते? त्येला पाय नाय, चाक नाय," तिसरीतल्या रेश्माने विचारलं. ती सगळ्यांत चौकस.

सरांनी मोटरच्या दांडीवरचा धातूचा अर्धा तुकडा दाखवला. "हे वजन एकाच बाजूला आहे. त्यामुळे फिरताना सगळं अंग हलतं."

रेश्माने थोडा विचार केला. "डोक्यावर हंडा वाकडा बसला की आये चालते तसं?"

"अगदी तसं," सर म्हणाले आणि इतके खूश झाले की भिंत सोडून टेबलाजवळ आले.

मुलांनी त्या वस्तूचं नाव ठेवलं थरथऱ्या. मी गप्प बसले, कारण मुलं सरांनाही मागून काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

मग दर शनिवारी थरथऱ्या करायचे, असं ठरलं. घरोघरचे जुने ब्रश येऊ लागले. कुणी कपड्याचा ब्रश आणला, तो जागचा हलेना. कुणी थरथऱ्याला कागदाची शिंगं लावली आणि बैल केला. पण सरांचा जीव सगळा त्या चपट्या सेलांवर होता. पहिल्याच शनिवारी "काय होऊ शकतं?" विचारल्यावर पहिलीतला एक जण म्हणाला होता, "गोळी समजून कुणी खाईल." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी घरी जाऊन काकडीची एक फोड घेतली, तिला मीठ लावलं आणि तिच्यावर सेल ठेवून दिला. सोमवारी ती फोड कागदात गुंडाळून मला दाखवायला आणली. सेल होता तिथे काकडी काळी पडून आत खचली होती.

"काकडी आहे सर, सडणारच," मी म्हटलं.

"बाजूची सडली नाही, बाई."

पुढच्या शनिवारी प्रत्येक सेलला चिकटपट्टीचं पाकीट करून लाल दोरा बांधलेला. दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. मुलांनी खिडकीपाशीच बसायचं, दोरा पुरेल तेवढंच लांब जायचं. मुलं त्या बांधलेल्या सेलांना सरांच्या शेळ्या म्हणत. "सर, माझी शेळी सुटली!" असं कुणी गमतीने ओरडलं तरी सरांचा चेहरा पांढरा पडायचा.

सोहम तेव्हा चार वर्षांचा झाला होता. त्याचे बाबा महाडच्या एका कारखान्यात पाळीवर जात, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मी त्याला रोज बरोबर आणत असे. तो पहिलीच्या मुलांत बसे, पाटीवर रेघा ओढे, झोप आली की सोनाबायच्या ओट्यावर जाऊन झोपे.

तो शनिवार होता. पाऊस संपत आला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. मी दुसऱ्या खोलीत चौथीच्या मुलांकडून गणितं करून घेत होते. पलीकडून थरथऱ्यांचा आवाज येत होता. मधेच तो आवाज बंद झाला. मुलांचं बोलणंही बंद झालं. आणि सरांचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता असा कोरडा.

"कोणी हलायचं नाही. आहात तिथेच उभे राहा."

मी धावत गेले. रेश्मा रडत होती. तिच्या मुंबईच्या काकाने तिला एक सेल दिला होता. सगळ्यांना चकित करायचं म्हणून तो तिने मुठीतून आणला होता. दोरा नसलेला. ब्रशला लावायला म्हणून सतरंजीवर ठेवला, तारा सोलायला खाली बघितलं, आणि सेल नाही.

"कुठे गेला असेल, इथेच असेल," मी म्हटलं. सतरंजी झटकली, मुलांच्या मुठी उघडल्या, खिसे पाहिले, फटीत झाडू घातला. सर यातलं काहीच करत नव्हते. ते एकेका मुलाचा चेहरा बघत होते. बघत बघत त्यांची नजर पाण्याच्या माठापाशी गेली.

सोहम तिथे बसला होता. रडत नव्हता, बोलत नव्हता. तोंड अर्धवट उघडं आणि हनुवटीवरून लाळेची तार खाली सदऱ्यावर.

सर त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "सोहम, काय खाल्लंस?"

त्याने मान हलवली. नाही.

सरांनी पेल्यात घोटभर पाणी घेऊन त्याच्या ओठाला लावलं. त्याने घोट घेतला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि पाणी जसंच्या तसं बाहेर आलं.

मी माठाच्या कट्ट्याला धरून खाली बसले. तोवर सोनाबाय आली होती, आणखी दोन-तीन बायका जमल्या होत्या. "काय नाय होत गो बाई," सोनाबाय म्हणाली. "माज्या दिरानं आख्खा रुपया गिळलावता. सकाली पडला बाहेर. पोराला केळं दे, केळ्यासंगं उतरंल खाली." आणि तिने केळं सोलून पुढे केलं.

"नको!" सर ओरडले.

तेवढं मोठ्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असतील. सोनाबायच्या हातातलं केळं खाली पडलं.

"तो रुपया नाही, त्यात वीज आहे. घशात काही घालू नका. पाणीसुद्धा नको." मग माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ थरथरत होते. "बाई, उठा. चला."

गणपतची जीप देवळापाशी उभी होती. सरांनी सोहमला उचललं आणि पुढच्या सीटवर बसले, त्याला मांडीवर ताठ बसवून. मी मागे. वाडीतली माणसं बघत राहिली. सर जीपमध्ये बसलेत हे त्यांना सोहमच्या गिळण्याइतकंच भयंकर वाटलं असावं.

त्या उताराचं मला फारसं काही आठवत नाही. जे आठवतं ते मागून दिसलेलं. सरांची मान, तिच्यावरून ओघळणारा घाम. प्रत्येक वळणाला त्यांचं अंग आक्रसायचं आणि पाय समोर रेटले जायचे, जसा काही ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता. पण सोहमभोवतीचे हात जरा ढिले पडले नाहीत. "हळू का?" गणपतने एकदा विचारलं. "नाही," सर म्हणाले. "जोरात घे." आणि डोळे मिटले. पुन्हा उघडले, कारण सोहमचा श्वास बघायचा होता.

पोलादपूरच्या डॉक्टरांकडे एक्स-रेची सोय नव्हती. त्यांनी घसा तपासला आणि महाडला जायला सांगितलं. महाडला एका दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या मुलाची इवलीशी मान, नाजूक मणके, आणि मधोमध पांढरीशुभ्र चकती. तिच्या कडेला आत आणखी एक बारीक वर्तुळ.

"हे दुहेरी वर्तुळ दिसतंय ना, त्यावरून कळतं. सेलच आहे," डॉक्टर म्हणाले. "नाणं असतं तर मी म्हटलं असतं, सकाळपर्यंत वाट बघू. इथे वाट बघायची नाही. इथे काढायला दुर्बीण नाही. मुंबई गाठा. मी फोन करतो."

सोहमचे बाबा त्या आठवड्यात कंपनीच्या कामाला गुजरातेत होते. मी फोन लावला, त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. ॲम्ब्युलन्सच्या दारात सर उभे होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही परत जा आता. शाळा उघडी आहे."

"सोनाबाय कुलूप लावील," म्हणाले आणि आत चढले.

मुंबई-गोवा रस्ता तेव्हा दोनच पदरी. वडखळला गाड्यांची रांग लागलेली. ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजतोय आणि आम्ही एका ट्रकच्या मागे उभे. सोहम माझ्या मांडीवर. तो एकदा खोकला तेव्हा लाळेत लाल धागा दिसला. मी पदराने पुसला आणि सरांपासून लपवला. मग पाहिलं तर त्यांनीही तो पाहिला होता आणि माझ्यापासून नजर लपवत होते.

रस्ताभर फोन येत होते. आई, सासूबाई, बहीण, शेजारी. सगळे एकच म्हणत होते, काही होणार नाही, देव आहे, धीर धर. मी हो हो म्हणत होते. प्रत्येक फोननंतर मला आणखी एकटं वाटत होतं.

मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी सोहमला माझ्या हातातून घेतला आणि दार लागलं. संध्याकाळ झाली होती. बाकावर मी आणि सर. ते बाकाच्या अगदी टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून.

मी म्हटलं, "सर, काही होणार नाही ना त्याला?"

ते म्हणाले, "माहीत नाही, बाई. मला फार भीती वाटतेय."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण ते ऐकलं आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं माझं रडू फुटलं. सरही रडत होते, आवाज न करता. त्या दाराबाहेर माझ्याइतकंच घाबरलेलं आणखी कुणीतरी आहे, याचा मला केवढा आधार वाटला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती. आत सेल. एका बाजूने काळा, खरबरीत. "निघाला," ते म्हणाले. "पण अन्ननलिका आतून भाजली आहे. भोक पडलेलं नाही, हे नशीब. नाकातून नळी घातली आहे. बरेच दिवस तोंडाने काही नाही. नंतरही तिथे अन्ननलिका आक्रसू शकते. लवकर आणलंत म्हणून हे एवढ्यावर आहे."

मी वळून सरांना सांगायला गेले तर ते बाकावर नव्हते. जिन्यात बसले होते, डोकं कठड्याला टेकून. पाय उचलत नव्हते. वॉचमन त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची घेऊन आला होता, पेशंट समजून.

आम्ही परत आलो तोवर दिवाळी होऊन गेली होती. सोहम वाळून काटकी झालेला, आवाज घोगरा, भाताची पेज तेवढी घोट घोट जायची. मी शाळेत हजर झाले त्याच आठवड्यात सरांनी देवळात पालकांना बोलावलं. मोटरी, तारा, उरलेले सेल सगळं एका डब्यात भरून त्यांनी तो माणसांपुढे ठेवला.

"हे मी बंद करतो आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची मूठ मी दारात बघायला हवी होती."

दोन-चार बापांनी मान हलवली. "बरोबर हाय सर. पोरांस लिवा-वाचायला शिकवा, बास झालं. ते करंटचं काम नको." रेश्मा आईच्या मागे तोंड लपवून बसली होती. तिचा बाप तर माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता.

मग सोनाबाय बोलली. बसल्या जागेवरूनच.

"माजा थोरला ठाण्याला पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला लागला. पंधरा दिसांत दोन बोटां गेली. त्यानं गावात कदी मशीन बगितली नवती. त्येला कुणी इचारलं नवतं, काय होऊ शकतं म्हून." ती थांबली. "आमची पोरां मोठी झाली की मशीनवरच जायाची हायत, सर. तुमी डबा बंद केलात म्हून मशीनी बंद व्हायच्या नायत."

"सोनाबाय, मला आता त्या वस्तूला हात लावायची हिंमत नाही," सर म्हणाले.

"मंग कोण लावनार? ज्येला भ्या नाय तो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोहमला कुशीत धरून बसले होते. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तो डबा नदीत फेकून द्यावा असं मला वाटत होतं. पण सोनाबायचा थोरला मी पाहिला होता. तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा.

सर पुढच्या शनिवारी पुन्हा बसले. चपटे सेल कायमचे गेले. आता जाडजूड पेन्सिल सेल, लाकडी पट्टीला ठोकून बसवलेले. थरथऱ्या जड झाले, पळायच्याऐवजी रांगू लागले. दारात प्रत्येक मुलाला मूठ उघडायला आणि तोंड वासायला लागे. सर सबंध वेळ उभे राहात, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी त्या खोलीत गेले नाही. सोहमला घेऊन दुसऱ्या खोलीत दार लावून बसायची. भिंतीपलीकडून ती गुरगुर सुरू झाली की मी सोहमचा हात धरायची. ती थांबेपर्यंत सोडत नसे. रेश्मा मात्र पहिल्या रांगेत असायची. तिला परत आणायला सर स्वतः तिच्या घरी तीन-चार वेळा गेले होते, हे मला फार नंतर कळलं.

पुढे माझी बदली महाडजवळच्या शाळेत झाली. सर वाडीतूनच निवृत्त झाले आणि गावी गेले. तरी वर्षातून एखाद्या वेळी महाडला आमच्या घरी यायचे, सबंध घाट टॉवेलाखाली काढून.

सोहमची अन्ननलिका डॉक्टर म्हणाले तशी थोडी आक्रसलीच. आजही त्याला घास बारीक चावून, थांबत थांबत खावं लागतं. घरात तो सगळ्यांत शेवटी पानावरून उठतो. लग्नाकार्यात पंगत उठून दुसरी बसते तरी याचा भात संपलेला नसतो, म्हणून तो पंगतीला जायचंच टाळायचा. सर आले की मात्र त्यांच्या शेजारी बसायचा. त्यांचं जेवण आटोपलेलं असायचं, ताट कोरडं व्हायचं, बोटांवरची आमटी वाळून जायची. मी म्हणायचे, "सर, हात तरी धुऊन घ्या." ते मान हलवायचे आणि तसेच बसून राहायचे, सोहमच्या गळ्याकडे बघत. प्रत्येक घास खाली उतरताना त्यांच्या स्वतःच्या गळ्यातली घाटी वर-खाली व्हायची.

शेवटचे आले तेव्हा सोहम कॉलेजात होता, त्यांच्या डोक्याइतका उंच झालेला. त्याने शेवटचा घास संपवला आणि हसून म्हणाला, "झालं सर. उठा आता."

"पाणी पी," सर म्हणाले.

तो प्यायला.

"गेलं?"

"गेलं."

मग सरांनी पाटाला हात टेकला आणि सावकाश उठले.